जिपार का बसली

पडद्यावरच्या मुलीने उंबऱ्यात आडव्या पडलेल्या म्हातारीला ओलांडलं आणि अंधारात, तिसऱ्या रांगेत बसलेल्या झूराचा उजवा पाय जमिनीपासून वीतभर वर उचलला गेला. तिने उचलला नव्हता. पाय आपला आपण उठला, क्षणभर हवेत थांबला आणि खाली आला, तेव्हा बुटाची टाच फरशीवर अशी वाजली की शेजारी बसलेल्या बुरुलने मान वळवून पाहिलं. पंच्याहत्तर वर्षांचा पाय हा. गुडघ्याला सूज, पोटरीला गोळे, सकाळी मोजा चढवायचा तरी त्याची मनधरणी करावी लागते. आणि आता कुणी न सांगता हा उठतो काय, ओलांडतो काय! एखादं वांड पोर वर्गात मध्येच उभं राहावं आणि त्याला खांद्याला धरून खाली बसवावं, तसा झूराने दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. आपल्याला भीती वाटली की आनंद झाला, हे तिला कळेना. आणि चाळीस वर्षं मुलांना पात्रांच्या मनातल्या भावना ओळखून लिहायला शिकवलेल्या बाईला एवढं कळू नये, याची तिला लाजच वाटली.

सभागृहात तोवर गलका उठला होता. मागे कुणी बाई "तोबा, तोबा" करत होती. वरच्या रांगांतल्या कॉलेजच्या मुली टाळ्या वाजवत होत्या, एकीने तर चक्क शिट्टी घातली. कडेला बसलेलं एक म्हातारं जोडपं उठलं आणि लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर निघालं. "आजीच्या अंगावरून चालत जाणारी पोर बघायला आणलंस मला?" म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी कुठं आणलं? तिकिटं तुझ्याच भाच्याने दिली," म्हातारी म्हणाली, आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा एकदा पडद्याकडे बघून घेतलं तिने. सिनेमा सुरू झाल्यापासून बुरुल सूर्यफुलाच्या बिया फोडत होती, मूठभर बिया झूराच्या हातातही कोंबत होती. आता तिची मूठ मिटलेली होती आणि तोंड थोडंसं उघडं होतं.

लोक तसे पहिल्यापासून कुरकुरतच होते. 'दोन कुरणं' ही कादंबरी या देशात कुणाला माहीत नाही? एक डोंगरावरचं कुरण, एक खालचं, आणि मधल्या वाटेवर घोड्यावरून येणारी-जाणारी धनगराची मुलगी जिपार. सिनेमात कुरणं नव्हतीच. बिश्केकच्या टोकाला समोरासमोर उभ्या असलेल्या दोन बारा मजली इमारती होत्या. धनगर बाप टॅक्सी चालवत होता. "घोडा कुठाय, घोडा?" असं कुणी तरी ओरडलं, तर पलीकडून उत्तर आलं, "बॉनेटखाली." त्यावर झूरासुद्धा हसली होती. जिपार च्युइंगगम चघळत होती आणि नर्सिंगच्या शाळेत शिकत होती, तेव्हा मात्र झूराचं हसू मावळलं होतं आणि तिने चोरून बुरुलकडे पाहिलं होतं. मग लग्नासाठी मुलीला गाडीत कोंबून पळवून नेतात तो प्रसंग आला आणि सगळं हळूहळू पुस्तकासारखं होत गेलं. हात धरून ठेवणाऱ्या बायका तशाच, कोपऱ्यात टांगलेला पडदा तसाच, नवरीच्या डोक्यावर जबरदस्तीने घालायचा तो पांढरा रुमाल तसाच. मुलगी उठून दाराकडे धावली तशी घरातली सर्वांत म्हातारी बाई उंबऱ्यात आडवी झाली, तेव्हा लोकांनी श्वास सोडला. आता पुस्तक आलं. आता जिपार बसणार, त्या घरची सून होणार. म्हाताऱ्या माणसाला ओलांडून गेलं तर जन्माचा शाप लागतो, हे इथे दुधाच्या दातांपासून ठाऊक असतं; आणि जिपार बसली नसती तर पुस्तकच उरलं नसतं, कारण पुढची तीनशे पानं तिच्या बसण्याचीच आहेत. या मुलीने डोक्यावरचा रुमाल काढला. त्याची नीट चौकोनी घडी घातली, म्हातारीच्या छातीवर ठेवली, आणि गेली.

सिनेमा अजून अर्धा तास होता. झूराला त्यातलं काही दिसलं नाही. तिच्या पर्समध्ये चौघडी केलेला एक कागद होता. सिनेमानंतर चर्चा होती आणि आयोजकांकडच्या मुलीने फोनवर गोड आवाजात, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं एजे म्हणत, सांगितलं होतं, "एजे, तुम्ही दोन शब्द बोलायचेच. पुस्तकाच्या बाजूनेही कुणीतरी हवं ना. तुमच्याएवढं ते पुस्तक कुणी शिकवलंय?" ते खरं होतं. तलासच्या खोऱ्यातल्या एका शाळेत तिने ते पुस्तक इतक्या वर्गांना शिकवलं होतं की एकाच घरातली आजी आणि नात दोघी तिच्या विद्यार्थिनी होत्या. कागदावर तिने सुवाच्य अक्षरात लिहून आणलं होतं की बदल करायला हरकत नाही, पण मूळ कृतीचा आत्मा जपायला हवा, वगैरे वगैरे. आणि शेवट केला होता त्या वाक्याने. लोकांना ते वाक्य हवंच असतं. "जिपारने उंबरा ओलांडला नाही, कारण पांढऱ्या केसांवरून पाऊल टाकणं तिच्या रक्तात नव्हतं."

हे वाक्य म्हणजे काय, नोटेवर छापायचंच काय ते बाकी होतं. लग्नात पेले उंचावताना ते म्हणायचे. रेडिओवर म्हणायचे. एका शाळेच्या भिंतीवर तर निळ्या रंगात रंगवलेलं तिने स्वतः पाहिलं होतं, खाली कादंबरीकाराचं नाव. आणि ते कादंबरीत नव्हतं. कादंबरीत नायिका बसते त्या पानावर दोनच वाक्यं आहेत. 'जिपार बसली. चहा निवला होता.' आणि मग पान उलटलं की नवं प्रकरण, हिवाळा लागलेला. का बसली, ते त्या माणसाने लिहिलंच नाही. लिहून तो कधीच वारलाही, विचारणार कुणाला? पण शाळेला कारण लागतं. एकोणऐंशी साली जिल्ह्याच्या कचेरीने झूराला शिक्षकांसाठी एक छोटी मार्गदर्शिका लिहायला सांगितली. पस्तीस वर्षांची होती ती, वर्तमानपत्रात दोन लेख आलेले, मान जरा ताठच असायची. नमुना उत्तरांत 'जिपारने उंबरा का ओलांडला नाही?' या प्रश्नाखाली दोन ओळींची जागा होती. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती, चुलीवर दूध होतं, पलीकडच्या खोलीत सासू खोकत होती. दूध उतू जायच्या आत ते वाक्य सुचलं. मोजून दोन ओळी भरल्या. तपासनीस म्हणाले, वा, काय लिहिलंत, मूळ लेखकालासुद्धा असं जमलं नसतं. त्या दिवशी ती घरी जाताना गुणगुणत गेली होती. तिला स्वतःला काही कुणी पळवून आणलेलं नव्हतं. नवऱ्याने तिला दोन वर्षं पत्रं लिहिली होती, एकेका पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका तिने लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवल्या होत्या, आणि तरीही तो टिकला म्हणून तिने होकार दिला होता. पांढऱ्या केसांचं आणि रक्ताचं तिला काय ठाऊक होतं?

पण मुलं ते वाक्य पाठ करू लागली. पाठ्यपुस्तकात कादंबरीतले चार उतारे तेवढे असायचे; अख्खी कादंबरी वाचायला कुणाला वेळ होता, आणि वाचून परीक्षेत गुण थोडेच जास्त मिळणार होते? उतारा, प्रश्न, उत्तर. तोंडी परीक्षेत एकेक पोर समोर येऊन उभं राहायचं, हात मांड्यांना चिकटवून ते वाक्य धडाधड म्हणायचं, आणि झूरा मान हलवून म्हणायची, "बरोबर." वर्षाला पन्नास वेळा, साठ वेळा. पुढे पुढे मान आपोआप हलायची, मनात दुसराच विचार चालू असायचा, घरी पीठ संपलंय, गाईचा पान्हा आटलाय.

सिनेमातल्या मुलीला आता पोलीस ठाण्यात बसवलं होतं आणि तिचा टॅक्सीवाला बाप बाहेर उभा राहून सिगारेट ओढत होता. मागची बाई रडत होती. झूराच्या डोळ्यांपुढे अठ्ठ्याऐंशी सालचा जून महिना होता. बुरुल तेव्हा सतरा वर्षांची, वर्गात पहिली, राजधानीतल्या नर्सिंगच्या शाळेचा अर्ज झूरानेच भरून दिलेला. दुपारी दारात मोटारसायकल येऊन थांबली. बुरुलला पळवून नेणाऱ्या मुलाचा काका होता, ओशाळलेला. म्हणाला, पोरगी काल संध्याकाळी आणलीय, पण ऐकत नाही, पाण्यालाही शिवत नाही, एकच धोशा लावलाय की माझ्या शाळेच्या एजेकेंना बोलवा. झूरा साइडकारमध्ये बसली. आणि हे तिला आजही लख्ख आठवतं, देवाशपथ आठवतं, की ती मुलीला परत आणायला निघाली होती. सोबत मोठी शाल घेतली होती, बुरुलला पांघरायला. त्या घरात मोठाली पातेली चढलेली, बायकांची लगबग. बुरुलची होणारी सासू उंबऱ्यात गोधडी टाकून आडवी पडलेली. मास्तरीण बाई आल्या म्हटल्यावर ती बिचारी लगबगीने उठली, वाट दिली, "या, वर या" म्हणाली, आणि झूरा आत गेल्यावर पुन्हा पहिल्यासारखी आडवी झाली. पडद्यामागे बुरुल भिंतीला पाठ लावून बसली होती. शाळेचाच ब्लाउज अंगावर, एक बाही उसवलेली. ओठ सुकलेले. तिने झूराकडे पाहिलं आणि हळूहळू, एकेक शब्द उच्चारत ते वाक्य म्हटलं. पांढऱ्या केसांवरून पाऊल टाकणं. रक्तात नव्हतं. शेवटी आवाज जरा वर गेला, म्हणजे प्रश्न होता. आणि झूराची मान हलली. "बरोबर," ती म्हणाली.

पडद्याबाहेरच्या बायकांनी तेवढंच ऐकलं. कुणीतरी दुआ संपल्यासारखं 'ओमिन' म्हणालं. एकजण आत येऊन बुरुलच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधून गेली आणि बुरुलने हात वर केला नाही. झूराला मानाच्या जागेवर बसवलं. मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजी घातलेली बशी पुढे आली. सोयरीक पक्की झाली की ती खायची असते. झूराने खाल्ली. चवीची झाली होती, हेही तिच्या लक्षात आहे, आणि ते लक्षात असल्याबद्दल ती स्वतःला कधी माफ करणार नाही.

नवरा वाईट नव्हता, असं बुरुल म्हणते. म्हणजे मारत नव्हता. तीन मुलं झाली. मग तो रशियात कामाला गेला, पैसे यायचे, मग पैसे यायचे थांबले, मग तिकडे त्याला दुसरं घर आहे असं कळलं. सासू मरेपर्यंत बुरुलने तिचं सगळं केलं आणि मग मुलांना घेऊन शहरात आली, शिवणाच्या कारखान्यात लागली. झूराही निवृत्त होऊन शहरातच आली होती; दहा वर्षांपूर्वी बाजारात दोघींची गाठ पडली तेव्हा बुरुल भर गर्दीत "एजेके" म्हणत गळ्यात पडली. तेव्हापासून महिन्यातून दोनदा ती येते. खिडक्या पुसते, गुडघ्याला मलम चोळते, कुरुतच्या, सुकवलेल्या दह्याच्या, गोळ्या आणते आणि झूरा मुलाच्या, सुनेच्या तक्रारी सांगते त्या ऐकून घेते. पोटची मुलगी करणार नाही एवढं करते. कधी शब्दाने दोष दिला नाही. एकदाच, खिडकीची काच पुसता पुसता म्हणाली होती, "पुस्तकातच लिहिलं होतं ना, एजेके. त्याच्यापुढे मी काय करणार होते?" झूराच्या घशाशी आलं होतं सांगायचं. तिने चहा ओतला. दहा वर्षांत किती कप चहा ओतला असेल, सांगता येणार नाही. हा आधार काढून घ्यावा तर बुरुलकडे उरतं काय, असं ती स्वतःला समजावायची. पण खरं कारण तिला ठाऊक होतं. बुरुल यायची बंद होईल, हे खरं कारण. म्हातारपणी एवढं एकच माणूस आपण होऊन दार वाजवतं, ते जाईल.

दिवे लागले. दिग्दर्शिका बेगायिम स्टेजवर आली. तिशीची असेल, केस मुलासारखे कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट, आणि घाबरलेली होती. पहिल्यांदा कॉलेजच्या एका मुलीने माईक घेतला आणि "मी हा माझ्या मावशीच्या वतीने बघितला," एवढंच म्हणून रडायलाच लागली. मग एक मध्यमवयीन शिक्षिका उठली. "कला वगैरे ठीक आहे हो, पण परीक्षेत मुलांनी काय लिहायचं? बसली लिहायचं की गेली लिहायचं?" लोक हसले. तिला हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, ती खरंच काळजीत होती. एकाने विचारलं, "गाडी चंदेरीच का?" आणि मग दुसऱ्या रांगेतून तेमिरकुल आके उठले, झूराच्या बरोबर पुढे. पूर्वी मोठ्या शेतीसंस्थेचे अध्यक्ष होते. डोक्यावर पांढरी नमद्याची टोपी, माईकची गरज नसलेला आवाज.

"पोरी, तुझ्या आईवडिलांविषयी मला आदर आहे," ते म्हणाले, म्हणजे आता खरडपट्टी काढणार हे सगळ्यांना कळलं. "घोड्याची गाडी केलीस, चालेल. कुरणाच्या इमारती केल्यास, तेही सोसलं. पण ते वाक्य कुठाय? ज्या वाक्यासाठी हे पुस्तक लिहिलं, ते कुठाय?" आणि त्यांनी ते म्हटलं, हात मांड्यांना चिकटवून, शाळकरी पोरासारखं. अर्धं सभागृह त्यांच्याबरोबर ओठ हलवत होतं.

बेगायिमने माईक दोन्ही हातांनी धरला. "आके, ते वाक्य पुस्तकात नाहीये."

"काय नाहीये?"

"पुस्तकात नाही. मी चार आवृत्त्या बघितल्या. मला ते घ्यायचं होतं, म्हणूनच शोधलं. मिळालं नाही."

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. कुणी म्हणालं, आता पुस्तकही खोटं ठरवताय का. कुणी म्हणालं, हिने वाचलंच नसेल. शिक्षिका म्हणाली, माझ्या वहीत लिहिलेलं आहे, घरी आहे वही. वरच्या मुली फोनवर शोधू लागल्या. तेमिरकुल आके मागे वळले आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, भांडता कशाला? झूरा एजे बसल्यात इथे. त्यांना अख्खं पुस्तक पाठ आहे. एजे, सांगा बरं या पोरीला." सगळ्या माना वळल्या. बुरुलने झूराच्या कोपराला हाताचा आधार दिला, तिला उठायला मदत केली, आणि उठता उठता तिच्या कानाशी हसून म्हणाली, "सांगा एजेके, कितव्या पानावर आहे ते."

झूरा उभी राहिली. एकशे चौदा, असं म्हणता आलं असतं. कुणी पुस्तक घेऊन आलेलं नव्हतं. उद्या बेगायिमने पान उघडून दाखवलं असतं तरी लोकांनी म्हातारीचीच बाजू घेतली असती. शब्द जिभेवर आलासुद्धा होता, एकशे, इथपर्यंत. कोपराखाली बुरुलचा हात होता, सुयांनी खरबरीत झालेला, ऊबदार, बिनघोर. तो हात तिथे ठेवायचा असेल तर एकशे चौदा म्हणायचं. मघाशी अंधारात आपला पाय का उचलला गेला ते तिला एकदम कळलं: इतकी वर्षं जे कुणीतरी करावं असं वाटत होतं, ते पडद्यावर एका परक्या पोरीने करून दाखवलं होतं, इतक्या सहज, रुमालाची घडी घालून.

"पुस्तकात नाही ते," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला म्हणून तिने घसा साफ केला. "ते वाक्य माझं आहे. शिक्षकांसाठी पुस्तिका लिहिली होती, तिच्यात मी ते घातलं. जिपार का बसली ते लेखकाने लिहिलेलं नाही. मलाही ठाऊक नाही. मी आपलं लिहिलं."

आता लोक तोंडात मारतील, असं तिला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. तेमिरकुल आके टोपी काढून टकलावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही लिहिलंत? अहो, मग झकासच लिहिलंत की. पुस्तकात असायलाच हवं होतं ते." आणि त्यांनी टाळी वाजवली. कुणी तरी साथ दिली. बघता बघता अख्खं सभागृह टाळ्या वाजवू लागलं, मघा म्हातारीला ओलांडल्यावर ज्या मुलींनी वाजवल्या त्याही वाजवत होत्या, "एजे, सही द्या" म्हणून एक वही पुढे आली, शिक्षिका डोळे पुसत म्हणाली, "आमच्या तोंडात तुमचेच शब्द होते तर." झूरा मान हलवून नको, नको म्हणत होती आणि ते त्यांना विनय वाटत होतं. स्टेजवरची बेगायिम तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. झूराने आधारासाठी हात मागे केला, तर कोपराखाली काही नव्हतं. शेजारची खुर्ची मिटलेली होती.

बुरुल खाली कोट ठेवायच्या खोलीशी उभी होती. स्वतःचा कोट घातलेला, झूराचा हातावर. झूरा कठडा धरून एकेक पायरी उतरत आली तोवर ती जागची हलली नाही. मग कोट पुढे धरला, नेहमीसारखा, आधी दुखरा हात, मग दुसरा.

"मग पुस्तकात काय आहे?" तिने विचारलं.

"जिपार बसली. चहा निवला होता."

"पुढे?"

"पुढे दुसरं प्रकरण. हिवाळा."

"का बसली, काहीच नाही?"

"काहीच नाही."

दोघी बाहेर आल्या. पाच वाजले होते, फूटपाथवर पानांचा खच पडला होता आणि समोसेवाल्याच्या भट्टीचा धूर येत होता. थांब्यावर आल्यावर बुरुल रस्त्याकडे बघत, जसं काही कारखान्यातली हकीगत सांगावी तशी सांगू लागली. "सासू गेली ना, त्याच्या दोन दिवस आधी तिने मला जवळ बोलावलं. म्हणाली, सूनबाई, त्या दिवशी तू ओलांडून गेली असतीस तर मी शाप दिला नसता. मलाही असंच आणलं होतं, म्हणाली. डोळे मिटून पडले होते, तुझी पावलं येतात का ऐकत होते. मी तिला काय म्हटलं असेल सांगा. मी म्हटलं, आई, असं कसं? पुस्तकात लिहिलंय. तर हसली. अंगठाबहाद्दर होती हो. म्हणाली, असेल बाई, पुस्तकातलं मला काय कळतंय."

झूराने थांब्याचा खांब धरला. "बुरुल, मी तुला न्यायला आले होते. पोरी, खरं सांगते. निघाले तेव्हा न्यायलाच निघाले होते."

"माहितीये मला," बुरुल म्हणाली. "हातात शाल होती तुमच्या. जून महिन्यात शाल कोण आणतं? तिच्यावरूनच कळलं." ती पहिल्यांदा झूराकडे वळली. राग नव्हता तिच्या तोंडावर. राग असता तर बरं झालं असतं. "म्हणून तर मी ते वाक्य म्हटलं, एजेके. मला वाटलं, आता तुम्ही चूक म्हणाल."

गाडी आली. विद्यार्थ्याने आधी बाईंना गाडीत बसवायचं, दार लागेपर्यंत उभं राहायचं, गाडी वळली की मग आपल्या वाटेला लागायचं. दहा वर्षांत बुरुलने यात कधी खंड पडू दिला नव्हता. आज तिने विचारलं, "एकट्या जाल ना?" आणि उत्तराची वाट न बघता ती स्वतःच चढली, आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसली. दार लागलं. तिने काचेतून मागे पाहिलं नाही, हातही केला नाही. झूराच्या काळजात कळ आली, आणि त्या कळेतही तिला वाटत होतं की जाऊ दे, जाऊ दे तिला. गाडी दूरच्या चौकात वळेपर्यंत ती उभी होती.

"चूक," ती म्हणाली. वर्गातल्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं. थांब्यावरच्या दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं.